ओरिजिनल विसरू नका

कॅनडा कॉर्नरला माझं दुकान, सहा बाय नऊ.
पाटीवर 'निरभवणे झेरॉक्स', खाली बारीक अक्षरात
'साक्षांकित करून मिळणार नाही'.
ते लिहावं लागलं, लोक मला साहेब समजायचे.

बावीस वर्षं पदव्या पालथ्या बघतेय.
बोधचिन्ह काचेवर, कोरी पाठ माझ्याकडे.
पाठीवरून कळत नाही कोण पहिल्या वर्गात,
कोण गाईड पाठ करून.
माझं एस.वाय.ला राहिलं.
बी.ए.च्या 'बी'वर गाडी बंद पडली, म्हणतो धाकटा दीर,
आणि हसतो. मीही हसते.

सरकार बदललं की मला पेपर वाचावा लागत नाही.
टोनर आठवड्यात संपला म्हणजे नवा जीआर.
पहिल्यांनी काढलं : या पदाला पदवी पाहिजे.
दुसऱ्यांनी : पदवी कशाला, कौशल्य पाहिजे.
मग पहिले परत आले, दुसऱ्यांतले निम्मे घेऊन.
आता पदवीही पाहिजे, कौशल्याचं सर्टिफिकेटही,
आणि दोन्ही जिथं मिळतं त्या संस्थेचा फ्लेक्स
गंगापूर रोडला जीआरच्या आठ दिवस आधी लागलेला.
डिझाईन माझ्याच कॉम्प्युटरवरून गेलं होतं पेनड्राइव्हवर.
मी विचारलं होतं, भाऊ, कोर्स कशाचा?
'ठरायचंय,' तो म्हणाला.

आणि पदवीधरची निवडणूक आली
की दुकानासमोर दोन टेबलं,
एक ह्यांचं, एक त्यांचं,
चहा एकाच टपरीचा.
पोरं गठ्ठे आणतात : फॉर्म, आधार, पदवीची प्रत.
'ताई, आपल्या आधी मारा.'
एकदा सहज म्हटलं, आडनावं एकसारखी दिसतात रे या गठ्ठ्यात.
'शिक्षण वाढलंय आपल्या समाजात.'
डोळ्यांत काडीचं हसू नव्हतं त्याच्या.
त्या महिन्यात चार हजार मतं गेली हातातून,
मशीनमधून नुकतीच निघालेली, ऊबदार.
त्यातलं एकही माझं नाही.

मे महिन्यात सातपूरहून गांगुर्डे आले.
एकोणीस वर्षं पोरांना लेथ शिकवतात, तासिकेवर.
एका बोटाचं पेर गेलेलं; ते लपवत नाहीत,
पहिल्या दिवशी वर्गाला तेच दाखवतात.
त्यांचा एक पोरगा डिग्री करून
आता त्यांच्याच मुलाखतीच्या कमिटीत.
'पाया पडला हो. सर म्हणाला.
मग म्हणाला, सर, तुमचा रकाना रिकामा आहे.'
मार्चपर्यंत मुदत. कोर्स तोच, फ्लेक्सवाला.
फी पंचेचाळीस हजार.

मी विचारलं, तिथं लेथ शिकवणार कोण?
गांगुर्ड्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं,
काउंटरवर ठेवलं, बोटाने माझ्याकडे सरकवलं.
'मलाच बोलावलंय.
तासिकेवर.'

दहा प्रती घेतल्या, सुटे दिले, हेल्मेट घालून गेले.

रात्री मशीन पुसायला झाकण उचललं
तर अनुभवाचा दाखला काचेवरच.
घडीवर सेलोटेप, तीही पिवळी पडलेली.
शिक्का अंबडच्या एका कारखान्याचा,
जिथं आता लग्नाचा हॉल आहे.
फोन लावला. गांगुर्डे, ओरिजिनल राहिलं तुमचं.
पलीकडे लेथ चालू होतं. मग थांबलं.
'असू द्या ताई, येईन सकाळी.
तसं ते मागितलंय कुणी?'

शटर अर्धं ओढलं होतं.
परत आत आले, मशीन तापू दिलं,
त्या दाखल्याची एक प्रत काढली.
कशाला, ते नाही सांगता येणार.
पर्समधून दोन रुपये काढून
गल्ल्यात टाकले.